गोळ्या चालू, मग तपासणी कशाला?

एच.आय.व्ही.च्या गोळ्या सुरू होतात. काही महिन्यांत भूक लागते, अंगात जोर येतो. मग पुष्कळ जण आम्हांला विचारतात, "आता बरे वाटते. पुन्हा रक्त कशाला द्यायचे? दिवसाची मजुरी बुडते."

मजुरी बुडते हे खरे. पण पीक वरून हिरवे दिसले, तरी मुळाला हुमणी लागली का, ते माती उकरल्यावाचून कळत नाही. रक्ताचेही तसेच आहे.

मुख्य तपासण्या तीन.

पहिली सीडी-फोर. या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या शरीराच्या राखणदार. विषाणू त्यांनाच मारतो. एका घनमिलिमीटर रक्तात, म्हणजे बारीक मोहरीएवढ्या थेंबात, त्या 200 च्या खाली गेल्या, की क्षयासारखे रोग सहज गाठतात.

दुसरी व्हायरल लोड. ही तपासणी चोर मोजते. आपल्या देशात सरकारी एआरटी केंद्रांतून ती 2018 पासून फुकट होऊ लागली. गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात, पुढे दर वर्षी ती करतात. एका मिलिलिटरात विषाणू 1000 च्या वर निघाले, तर आधी गोळ्या चुकल्या का ते पाहतात. तीन महिने नेमाने गोळ्या घेऊन पुन्हा तपासतात. तरीही आकडा उतरला नाही, तर विषाणू औषधाला दाद देत नाही असे समजून डॉक्टर औषध बदलतात. हे सारे ताप येण्याआधीच कळते. हाच तपासणीचा फायदा.

तिसरी मूत्रपिंड आणि यकृत यांची. टेनोफोव्हिर हे औषध कधी कधी मूत्रपिंडाला बाधते. वेळीच कळले, तर उपाय होतो.

"विषाणू सापडला नाही" असा कागद मिळाला, म्हणजे रोग गेला का? नाही. विषाणू शरीरात दडून असतो. गोळ्या सोडल्या, की काही आठवड्यांत तो पुन्हा डोके काढतो. मात्र गोळ्या चालू असून विषाणू सापडत नसेल, तोवर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नवराबायकोला केवढा दिलासा!

लोकांना कळेल अशी भीती बाळगू नका. 2017 च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

तेव्हा तपासणीची तारीख चुकवू नये. कागद जपून ठेवावा. आता आपल्याला अंक वाचता येतात. मग आपला आकडा आपणच वाचावा, आणि डॉक्टरांना न लाजता विचारावे, "मागच्यापेक्षा हा बरा आहे का?"