डाळीचें सत्त्व आणि अणुकिरण

वरणभात हें आपल्या ताटांतील नित्याचें अन्न. तांदळाच्या प्रथिनांत ‘लायसिन’ नामक घटक कमी असतो, तो डाळ पुरविते. आणि डाळींत गंधकयुक्त घटकांची जी उणीव असते, ती तांदूळ भरून काढतो. शाकाहारी कुटुंबाची भिस्त या जोडीवरच असल्यामुळें डाळीचें सत्त्व वाढवितां येईल काय, हा प्रश्न जितका शेतकऱ्याचा तितकाच गृहिणीचाही आहे.

हर्मन मुलर यांनीं १९२७ सालीं क्ष-किरणांच्या योगें फळमाशीच्या आनुवंशिक गुणांत पालट घडतो, हें दाखविलें. पुढें वनस्पतींच्या बीजांवरही तसेच प्रयोग झाले. निसर्गांत असे पालट क्वचित् होतात. किरणांनीं ते अधिक वेळां होतात, इतकेंच. पालट कोणता व्हावा, हें मात्र मनुष्याच्या हातीं नसतें. बहुतेक निरुपयोगीच निघतात. म्हणून सहस्रावधि रोपांतून हवें तेवढें निवडून तें पिढ्यान्‌पिढ्या पारखावें लागतें.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें याच मार्गानें उडदाचा मोठ्या दाण्याचा प्रकार मिळविला. दुसऱ्या वाणाशीं त्याचा संकर करून ‘टीएयू-१’ हा वाण सिद्ध झाला, व १९८५ सालीं तो महाराष्ट्राकरितां प्रसृत झाला. किरण दिलेलें बीज किरणोत्सर्गी होत नाहीं; तेव्हां त्याच्या वंशजांचे पापड वा वडे खाण्यांत भय मानण्याचें कारण नाहीं.

परंतु ‘प्रथिनें शेंकडा इतकीं अधिक’ एवढ्यावर भुलूं नये. दाणा बारीक पडला वा उत्पन्न घटलें कीं पुष्कळदां हें प्रमाण आपोआप चढतें. समजा, एका वाणाचें पीक एकरीं ४०० किलो आणि प्रथिनें शेंकडा २४. म्हणजे एकूण ९६ किलो. दुसऱ्याचें पीक ३०० किलो आणि प्रथिनें शेंकडा २८. म्हणजे ८४ किलो. टक्का चढला, पण सत्त्व बुडालें!

ज्या घरीं डाळ महाग म्हणून आमटी पातळ होते, तेथें टक्क्याच्या वाढीनें काय साधणार? टीएयू-१ ची कीर्ति झाली ती दाण्याबद्दल व उत्पन्नाबद्दल. पीक न घटतां प्रथिनें वाढलीं, तर तो वाण आम्ही शिरोधार्य मानूं. तोंपर्यंत विपुल डाळ हीच आम्हांस सत्त्ववान् डाळ वाटते.