रंग उडाला की झाकला गेला?

उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी तुम्ही फिरला असाल. पाण्यालगतची ओली वाळू गडद दिसते, तर वरची कोरडी वाळू फिकट. वाळू तीच, मग रंग दोन का? या साध्या प्रश्नात आणखी एका प्रश्नाचे उत्तर दडले आहे. पोहण्याच्या तलावाभोवतीचे तांबडे काँक्रीट काही वर्षांत पांढुरके का पडते आणि त्याला पूर्वीचे रूप देता येते का?

पेलाभर पाण्याची परीक्षा

अशा फिकट काँक्रीटवर पेलाभर पाणी ओता. बहुतेक वेळा तेवढ्या जागेत जुना रंग लगेच उमटतो आणि पाणी वाळले की पुन्हा नाहीसा होतो. म्हणजे रंग गेलेला नसतो. काँक्रीटमध्ये तांबडा रंग म्हणून लोखंडाचे ऑक्साइड घालतात. ते उन्हाने सहसा विटत नाही.

मग होते काय? ऊन, पाऊस आणि वर्दळ यांमुळे पृष्ठभाग झिजून खडबडीत व सच्छिद्र होतो. कोरड्या छिद्रांत हवा असते. हवा आणि सिमेंट यांच्या सीमेवर प्रकाश पुनःपुन्हा विखुरतो आणि पांढरा प्रकाश डोळ्यांकडे परततो. छिद्रांत पाणी शिरले की ही सीमा पुसट होते, कारण पाण्याचा अपवर्तनांक (१.३३) हवेपेक्षा सिमेंटच्या अपवर्तनांकाला जवळचा आहे. प्रकाश आत खोल शिरतो, अधिक शोषला जातो आणि रंग गडद दिसतो. ओल्या वाळूचे रहस्यही हेच.

काँक्रीट स्वतःलाच सफेदी करते

काही ठिकाणी मात्र पांढरा थर खरोखरच साचलेला असतो. त्याला आपण लोणा म्हणतो. सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरी गेलेला चुना, तयार होतो. तो लीटरभर पाण्यात सुमारे पावणेदोन ग्रॅम विरघळतो. तलावाकाठी काँक्रीट सतत भिजते आणि वाळते. पाण्याबरोबर चुना वर येतो, पाणी उडून जाते आणि हवेतील कार्बन डायॉक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते. याची विद्राव्यता चुन्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असल्याने थर सहज धुतला जात नाही. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते. भिंतीवरची सफेदी घट्ट होते, तीही याच अभिक्रियेने.

उरणच्या हवेत याखेरीज समुद्राचे मीठही असते. मिठागरात पाणी आटले की स्फटिक वाढतात, तसेच ते काँक्रीटच्या छिद्रांतही वाढतात. त्यांच्या दाबाने वरची कपची सुटते. मिठाचा थर पाण्यात विरघळतो, लोणा विरघळत नाही. लोण्यावर लिंबाचा रस टाकला तर बुडबुडे येतात. काळा-हिरवा डाग मात्र बहुधा शेवाळाचा असतो आणि पावसाळ्यात तोच पाय घसरवतो.

उपाय करताना

प्रथम नारळाच्या काथ्याच्या ब्रशने व पाण्याने घासावे. पुष्कळदा एवढेच पुरते. लोणा हटला नाही, तर काँक्रीट आधी पाण्याने भिजवून पातळ व्हिनेगर लहानशा जागेवर लावून पाहावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. आधी भिजवायचे ते आम्ल आत मुरू नये म्हणून. आम्ल लोण्याबरोबर सिमेंटलाही खाते, हे विसरू नये. जास्त वेळ ठेवले तर पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो, म्हणजे आणखी फिकट दिसतो!

बाजारात मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याचा मोह टाळावा. तलावाच्या पाण्यासाठी ब्लीचिंग पावडर जवळच ठेवलेली असते. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शिवाय या आम्लातले क्लोराइड काँक्रीटमधील पोलादी सळ्यांचे शत्रू आहे.

स्वच्छ काँक्रीट पूर्ण वाळल्यावर त्यावर लेप देता येतो. कोकणात यासाठी पावसाळ्यानंतरचे कोरडे दिवस बरे. अ‍ॅक्रिलिकचा लेप छिद्रे भरून पाण्यासारखेच काम करतो आणि रंग गडद दिसतो. पण त्यावर ओला पाय घसरतो, म्हणून त्यात बारीक वाळू मिसळतात. आत ओल राहिली असेल तर लेपाखाली पांढरे चट्टे उठतात. सिलेनसारखे द्रव्य आत मुरून पाणी अडवते आणि वाफेला वाट ठेवते, पण रंग फारसा खुलवत नाही. दिसणे आणि टिकणे यांतली निवड आपल्यालाच करावी लागते. पाणी ओतूनही रंग उमटला नाही आणि खडी उघडी पडली असेल, तर वरचा रंगीत थरच झिजलेला असतो. तेथे नवा थर द्यावा लागतो.

तपकिरी डागाचा इशारा

तपकिरी डाग व त्यालगत भेग दिसली तर मात्र लेप देऊन ती झाकू नका. आतली सळई गंजत असण्याची शक्यता आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. गोव्यात पणजीचा १९७० मध्ये खुला झालेला मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्यामागेही आतील पोलादाचा गंज होता. असा डाग दिसल्यास अभियंत्याला दाखवावे.

करून पाहा

सिमेंट, वाळू आणि थोडे तांबडे ऑक्साइड यांच्या तीन वड्या पाडा. ओले सिमेंट त्वचा भाजते, म्हणून रबरी हातमोजे घाला. आठवडाभर ओल्या कापडाखाली ठेवल्यावर एक वडी कोरडी ठेवा. दुसरी साध्या पाण्यात व तिसरी मिठाच्या पाण्यात अर्धी बुडवून उभी करा. महिनाभर रोज नोंद घ्या. नंतर तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. कोणत्या वडीचा रंग झाकला गेला आणि कोणाचा पृष्ठभाग झिजला, हे तो थेंबच तुम्हाला सांगेल.