खुर्ची मिळाली, काम कोठे आहे?

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. 2016 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्या 773 व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. रेल्वेच्या लेखासेवेत त्यांना स्थान मिळायचे होते. परंतु पूर्ण अंधत्वाचे कारण पुढे करून रेल्वेने त्यांना नाकारले. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, 2017 साली 124 वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासन सेवेत आल्या, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. हिशेबाच्या कागदांसाठी जी व्यक्ती अपात्र ठरली, तिच्याच हाती तीन वर्षांनी एका राज्याच्या राजधानीतील महसुली कारभार सोपविण्यात आला. मधल्या काळात त्यांचे डोळे बदलले नव्हते.

इरा सिंघल यांची कथा याच जातीची. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्या ढकलणे, ओढणे व उचलणे या क्रिया करू शकत नाहीत, म्हणून 2010 सालच्या परीक्षेत यश मिळूनही महसूल सेवेतील नेमणूक त्यांना नाकारली गेली. महसूल खात्याचा अधिकारी कोणते ओझे उचलतो, हा प्रश्न कोणास सुचला नाही. प्रशासकीय न्यायाधिकरणात त्यांना दाद मागावी लागली; आणि पुढे 2014 च्या परीक्षेत त्या देशात पहिल्या आल्या.

कायदा मागे राहिला आहे, असे म्हणता येणार नाही. ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या साह्याने ही परीक्षा देण्याची मुभा अंध उमेदवारांना सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालाने मिळाली. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. 2016 च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या. दृष्टिहीनांना न्यायाधीशपदापासून केवळ अंधत्वामुळे दूर ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये दिला. 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. शब्द बदलणे हे सरकारी कामांतील सर्वांत स्वस्त काम होय. जिना मोडून उतरण बांधावयाची तर अंदाजपत्रक लागते.

परंतु आमची खरी चिंता जिन्याच्याही पलीकडची आहे. नेमणूक झाली, हजेरीपटावर नाव चढले, पहिल्या तारखेला पगारही मिळू लागला. मग वरिष्ठ साहेब मायेने म्हणतात, "तुम्ही कशाला त्रास घेता? बसा निवांत." नस्ती शेजारच्या टेबलावर जाते. ही माया वर्षानुवर्षे चालली की माणूस कचेरीत असून नसल्यासारखा होतो. द्वेषाविरुद्ध न्यायालयात जाता येते. या मायेविरुद्ध कोठे जावे? रात्र रात्र अभ्यास करून जो सरकारी सेवेत येतो, तो केवळ पगारासाठी येत नाही. एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन आपल्या हातून मार्गी लागावे, एखाद्या गावाच्या पाण्याचा प्रश्न सुटावा, ही आकांक्षा त्याच्याही ठायी असते. तिला जागा न देता केवळ खुर्ची देणे यास आम्ही समावेश म्हणत नाही.

काम देणे अवघड आहे काय? पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणाली आज सर्वत्र उपलब्ध आहे. मात्र कागदाचे नुसते छायाचित्र संगणकावर चढविले, तर तिला ते वाचता येत नाही. मजकूर टंकलिखित असावा लागतो. म्हणजे अंध अधिकाऱ्याची अडचण बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांत नसून, खालच्या कारकुनाने कागद कोणत्या रीतीने पाठविला यात असते. बहिऱ्या कर्मचाऱ्यास बैठकीचे टिपण आधी लिहून दिले, तर तोही चर्चेत भाग घेऊ शकतो. 2016 च्या कायद्याने अशा वाजवी सोयी करण्याचे बंधन सरकारी आस्थापनांवर घातले आहे. ती उपकाराची बाब राहिलेली नाही.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत 'पर्पल फेस्ट' भरला, त्याचे देशभर कौतुक झाले. आता आमच्या मामलेदार कचेऱ्यांतून आणि पंचायतींतून एक साधी पाहणी सरकारने करावी. राखीव जागा किती भरल्या, हा आकडा प्रत्येक खाते देईलच. त्या जागांवर बसलेल्यांच्या टेबलावर गेल्या वर्षभरात किती नस्त्या आल्या, आणि किती त्यांच्या सहीने निकालात निघाल्या, हेही विचारावे.