लॅपटॉपच्या बिजागरीची घरगुती दुरुस्ती

लॅपटॉपच्या बिजागरीची घरगुती दुरुस्ती म्हणजे लॅपटॉप संगणकाचे झाकण व तळभाग यांना जोडणारी बिजागरी, अथवा ती ज्यावर बसवलेली असते तो कवचाचा भाग मोडल्यास, तो साध्या हत्यारांच्या साहाय्याने घरी पूर्ववत करणे होय. व्यवहारात 'बिजागरी तुटली' असे म्हटले जात असले, तरी पुष्कळ वेळा धातूची बिजागरी शाबूतच असते. मोडतात त्या तिला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या. बिजागरी प्रमाणाबाहेर घट्ट होणे हे त्या मोडण्याचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून टिकाऊ दुरुस्तीची दोन अंगे असतात : प्रथम बिजागरीचा ताठरपणा कमी करणे आणि नंतर खुंट्या पुन्हा उभारणे. पहिले अंग वगळून केवळ गोंदाने जोडलेला भाग बहुधा थोड्याच दिवसांत पुन्हा उखडतो.

पार्श्वभूमी

शिंपल्याप्रमाणे मिटणारा संगणक १९८२ मध्ये आलेल्या ग्रिड कंपास या यंत्राने रूढ केला. त्याची रचना बिल मॉग्रिज या ब्रिटिश अभिकल्पकाने केली होती. पडदा कळफलकावर मिटवून ठेवण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र स्वीकारली गेली आणि तिच्याबरोबर बिजागरी हा लॅपटॉपचा सतत हालचाल करणारा भाग ठरला. मदरबोर्ड, स्मृती, पडदा असे सर्व महागडे घटक सुस्थितीत असूनही केवळ बिजागरी उखडल्याने यंत्र निकामी ठरवले जाते, असे अनेकदा घडते. एकाच लॅपटॉपवर घरातील अनेकांचा अभ्यास वा काम अवलंबून असेल, तर हे नुकसान अधिक जाणवते.

रचना

दाराची बिजागरी सैल फिरावी अशी अपेक्षा असते. लॅपटॉपची बिजागरी मात्र मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, कारण पडदा कोणत्याही कोनात स्थिर राहिला पाहिजे. अशा बिजागरीला घर्षण बिजागरी म्हणतात. तिचे दोन प्रकार सामान्यतः आढळतात. पहिल्या प्रकारात पोलादी दांड्यावर अनेक चकत्या ओवलेल्या असतात आणि टोकाचा नट त्या एकमेकींवर दाबून धरतो. दुसऱ्या प्रकारात दांड्याभोवती पोलादी पट्टी घट्ट गुंडाळलेली असते. पहिल्या प्रकारातील घर्षण नट फिरवून कमी-अधिक करता येते. दुसऱ्या प्रकारात तशी सोय नसते.

प्रत्येक बिजागरीला दोन बाहू असतात. एक बाहू झाकणाला व दुसरा तळभागाला स्क्रूंनी जोडलेला असतो. प्लॅस्टिकच्या कवचात हे स्क्रू सरळ प्लॅस्टिकमध्ये न बसवता, कवचातील पोकळ खुंट्यांत रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसवतात. या नटांच्या बाहेरील बाजूस खाचा असतात व त्या खाचांत प्लॅस्टिक धरले जाते. पडद्याची केबल, कॅमेऱ्याच्या तारा आणि बहुतेक यंत्रांत वायफायच्या अँटेनाच्या तारा बिजागरीजवळूनच झाकणात जातात. बिजागरी मोडल्यावर या तारांना धोका पोहोचतो तो याच कारणाने.

मोडण्याची कारणे

उघडताना झाकण तरफेसारखे काम करते. समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. झाकणाची उंची २२ सेंटिमीटर आणि बिजागरीच्या बाहूवरील दोन स्क्रूंमधील अंतर २ सेंटिमीटर मानले, तर झाकणाच्या वरच्या कडेला लावलेला जोर स्क्रूंपाशी ११ पट होतो. कडेला ५०० ग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागत असेल, तर दोन्ही बाजूंच्या स्क्रूंवर मिळून सुमारे साडेपाच किलोग्रॅम वजनाइतकी ओढ पडते. बिजागरी दुप्पट घट्ट झाली की ही ओढही दुप्पट होते. ती सहन करणारे प्लॅस्टिक मात्र जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे असते.

बिजागरी घट्ट होण्यामागे आतील वंगण सुकणे, धूळ साचणे आणि गंज चढणे ही कारणे असतात. किनारपट्टीच्या दमट व खाऱ्या हवेत गंजाचा धोका वाढतो. काही यंत्रांतील बिजागऱ्या मुळातच कवचाच्या मानाने जास्त घट्ट असतात. वारंवार ताण पडून प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म चिरा पडत जातात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असल्यास त्या बाजूच्या बिजागरीवर जास्त भार येतो व ती बाजू आधी मोडते.

लक्षणे

- झाकण उघडताना 'कट्' असा आवाज येणे.
- बिजागरीजवळ पडद्याची चौकट किंवा तळभागाचे कवच उकलून फट दिसणे.
- कवच हलवल्यावर आत सुटा तुकडा खुळखुळणे.
- झाकण एका बाजूने तिरके मिटणे.
- झाकण हलवताना पडदा लुकलुकणे किंवा त्यावर रेषा उमटणे. हे केबल दाबली वा ताणली जात असल्याचे चिन्ह असते.

यांपैकी एकही लक्षण दिसल्यास झाकणाची उघडझाप थांबवावी. सुटलेली बिजागरी प्रत्येक उघडण्यासरशी पहारीसारखी कवच उचकटते आणि दोन खुंट्यांच्या दुरुस्तीचे काम पडदा व केबल बदलण्यापर्यंत जाऊ शकते. दुरुस्ती होईपर्यंत झाकण एकाच कोनात टेकवून ठेवावे, किंवा यंत्र बाहेरील पडद्याला जोडून वापरावे.

पूर्वतयारी व सुरक्षितता

सर्वप्रथम आतील महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास उघडण्यापूर्वी हमीच्या अटी पाहाव्यात. तळभाग फुगलेला दिसल्यास किंवा स्पर्शपट्टी वर उचललेली आढळल्यास बॅटरी फुगलेली असण्याचा संभव असतो. अशी बॅटरी टोचली वा वाकली तर पेट घेऊ शकते. ते काम घरी न करता जाणकाराकडे सोपवावे.

लागणारे साहित्य पुढीलप्रमाणे असते : बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच, कवच उकलण्यासाठी जुने प्लॅस्टिकचे कार्ड, चिमटा, छोटी पक्कड, बारीक काचकागद, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन नळ्यांत मिळणारा एपॉक्सी गोंद आणि आवश्यकतेनुसार पितळी नट.

बॅटरी सुमारे २५ टक्क्यांपर्यंत उतरवून यंत्र पूर्ण बंद करावे व चार्जर काढावा. तळाचे काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी बसवल्यास तो मदरबोर्डला इजा करू शकतो. म्हणून कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. कवच उघडताच सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला अधूनमधून स्पर्श करावा.

ताठरपणा कमी करणे

बिजागरीचा तळाकडील बाहू सोडवून तो पकडीने सावकाश फिरवून पाहावा. तो अतिशय जड फिरत असेल आणि टोकाला नट असेल, तर नट एका वेळी पाव फेऱ्याइतकाच सैल करून पुन्हा तपासावे. दोन्ही बिजागऱ्या सारख्याच घट्ट राहतील याची काळजी घ्यावी. एक सैल व दुसरी घट्ट राहिल्यास झाकणाला पीळ बसतो. गुंडाळलेल्या पट्टीच्या प्रकारात यंत्राच्या हलक्या तेलाचा एखादा थेंब देऊन बिजागरी अनेकदा फिरवावी व उरलेले तेल पुसून घ्यावे. प्लॅस्टिकच्या ज्या भागावर गोंद लावायचा आहे, तेथे तेल लागू देऊ नये. गंजाने धरलेली किंवा वाकलेली बिजागरी बदलणेच योग्य ठरते.

खुंट्यांची पुनर्बांधणी

एपॉक्सी पद्धत : तुटलेले सर्व तुकडे व पितळी नट गोळा करावेत. जोडायचा पृष्ठभाग काचकागदाने खरबरीत करून अल्कोहोलने पुसावा. गुळगुळीत वा तेलकट प्लॅस्टिकवर गोंद धरत नाही. पितळी नट त्यांच्या स्क्रूंसह बिजागरीच्या बाहूला लावून, बाहू मूळ जागी ठेवून आजूबाजूला गोंद भरल्यास नटांच्या जागा चुकत नाहीत. स्क्रूच्या आट्यांना आधी किंचित ग्रीस लावल्यास स्क्रू गोंदात अडकत नाही. गोंद केवळ खुंटीभोवती न लावता शेजारच्या कवचावरही पसरावा, कारण रुंद पाया ओढ विभागून घेतो. बिजागरीचा फिरणारा भाग, केबल व पंखा यांपासून गोंद दूर ठेवावा. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या एपॉक्सीलाही पूर्ण बळकटी येण्यास साधारण एक दिवस लागतो. दुरुस्ती फसण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे त्याआधीच झाकण उघडून पाहण्याची घाई.

झटपट गोंद व खाण्याचा सोडा : सायनोॲक्रिलेट जातीच्या झटपट गोंदावर खाण्याचा सोडा भुरभुरल्यास मिश्रण क्षणात दगडासारखे होते. पोकळी भरण्यासाठी हा उपाय सोयीचा असला, तरी हे मिश्रण ठिसूळ असते व ओढ बसताच तडकू शकते. घट्ट होताना त्यातून उष्णता व डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. हा गोंद कापसावर वा सुती कापडावर सांडल्यास ते भाजण्याइतके तापू शकते.

पितळी नट पुन्हा रुतवणे : खुंटी शाबूत असून केवळ नट निसटला असल्यास, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने नट तापवून तो सरळ दाबत प्लॅस्टिकमध्ये रुतवता येतो. प्लॅस्टिकच्या वाफा आरोग्यास अपायकारक असल्याने हे काम खिडकीजवळ, खेळत्या हवेत करावे.

आरपार स्क्रू : कवचाला बारीक छिद्र पाडून स्क्रू बाहेरून आत घालणे व आत नट बसवणे ही दिसायला ओबडधोबड, परंतु चांगली मजबूत पद्धत आहे. येथे ओढ गोंदावर नव्हे, तर कवचाच्या पूर्ण जाडीवर पडते. छिद्र पाडण्यापूर्वी ते कवच यंत्रापासून वेगळे करणे आवश्यक असते. बॅटरी किंवा पडदा मागे असताना छिद्र पाडणे धोक्याचे असते. उडालेला धातूचा चुरा विद्युतवाहक असल्याने तो पूर्णपणे झाडून काढावा.

कवच बदलणे : कवचालाच मोठी भेग गेली असल्यास तो भाग बदलावा लागतो. बाजारात झाकणाची पाठ, पडद्याची चौकट, कळफलकाचा भाग व तळ यांना अनुक्रमे ए, बी, सी व डी पॅनेल म्हणतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस अशा बाजारपेठांत लॅपटॉपचे सुटे भाग मिळतात. भाग घेताना तळावरील मॉडेल क्रमांक तंतोतंत जुळवावा. डावी-उजवी बिजागरी तसेच स्पर्शपडद्याच्या व साध्या पडद्याच्या यंत्रांतील बिजागरी भिन्न असू शकते.

जोडणी व तपासणी

जोडताना केबल मूळ खाचेतूनच न्यावी आणि बिजागरीच्या हालचालीत ती चिमटली जात नाही हे पाहावे. बॅटरीची जोडणी सर्वांत शेवटी करावी. कवच पूर्ण मिटवण्यापूर्वी झाकण मधोमध धरून सावकाश उघडावे. बिजागरीजवळील कवच किंचितही उचलले गेले, तर बिजागरी अद्याप घट्ट आहे असे समजून नट पुन्हा सैल करावा. झाकण आपोआप खाली येत असल्यास नट तितकाच आवळावा.

निगा

झाकण वरच्या कडेच्या मध्यभागी धरून उघडावे. यंत्र पडद्याला धरून उचलू नये. कळफलकावर पेन किंवा कागद ठेवून झाकण मिटू नये. बिजागरीचे स्क्रू वर्षातून एकदा तपासून आवळावेत. झाकण उघडताना तळभागही वर उचलला जात असेल, तर बिजागरीचा घट्टपणा तपासून घ्यावा. कवच उकलण्यापूर्वी नट सैल करण्याने पुढील सर्व दुरुस्ती टळू शकते.

दुरुस्तीचा हक्क व ई-कचरा

सुटे भाग व माहिती उपलब्ध असणे ही घरगुती दुरुस्तीची पूर्वअट आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर १० पैकी गुण दर्शवणारा दुरुस्तीयोग्यता निर्देशांक लावणे बंधनकारक केले. दस्तऐवजांची उपलब्धता, यंत्र उघडण्याची सुलभता आणि सुट्या भागांची उपलब्धता व किंमत हे त्याचे निकष आहेत. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दुरुस्तीपलीकडे गेलेला लॅपटॉप व त्याची बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे देणे आवश्यक असते. अशा यंत्रातील सुस्थितीतील बिजागऱ्या, स्क्रू व पॅनेल आधी काढून ठेवल्यास त्याच मॉडेलचे दुसरे यंत्र त्यांच्या आधारे पुन्हा वापरात येऊ शकते.