विडी विझवू या : धूम्रपानाचे दुष्परिणाम आणि व्यसनमुक्तीचा मार्ग

प्रतिवर्षी या अहवालातून आम्ही शस्त्रक्रिया, यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांचा तपशील आपणांसमोर ठेवतो. या वेळी मात्र अशा एका उपचाराविषयी लिहीत आहोत, ज्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. तो उपचार म्हणजे विडी-सिगारेट सोडणे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात आलेले एक शेतकरी आजही आमच्या स्मरणात आहेत. वय चाळिशीच्या आत. मळ्यापर्यंत चालताना पोटरीत गोळा येई, थांबले की बरे वाटे. पुढे पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरून येईना आणि अंगठा काळा पडू लागला. काटा रुतला असावा, असे घरच्यांना वाटले होते. मधुमेह नव्हता. चौकशीत कळले की, मिसरूड फुटण्याआधीपासून विडीची सवय आणि दिवसाकाठी एक बंडल ठरलेले. हा ‘बर्जर’चा आजार होता. १९०८ साली डॉ. लिओ बर्जर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात आणि तो बहुतांशी तंबाखू सेवन करणाऱ्या तरुण पुरुषांनाच होतो. तंबाखू पूर्णपणे सोडल्याखेरीज तो थांबत नाही. त्यांचा अंगठा काढावा लागला. पण त्यांनी विडी सोडली आणि पाय वाचला.

विडी लहान, धोका मोठा

‘सिगारेट वाईट, विडी म्हणजे नुसता पालाच’ असा समज आपल्या भागात अजूनही आहे. विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू पुष्कळ कमी असते, हे खरे. परंतु टेंभुर्णीच्या पानातून हवा सहजी खेळत नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे विषारी धूर फुप्फुसांत खोलवर जातो. भारतातील मृत्यूंच्या कारणांचा डॉ. प्रभात झा व सहकाऱ्यांनी केलेला विस्तृत अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी घटते, असे त्यात आढळले.

धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटीनमुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो. डांबरासारखा चिकट पदार्थ श्वासनलिकांना आतून झिजवतो. त्यातूनच हृदयविकार, पक्षाघात, दीर्घकालीन दमा-खोकला तसेच तोंड, घसा व फुप्फुसांचा कर्करोग उद्भवतो. क्षयरोग होण्याचा व त्याने दगावण्याचा धोकाही धूम्रपानाने वाढतो. घरात चुलीचा धूर असेल तर त्यात ही भर पडते आणि मांडीवरच्या नातवंडालाही आजोबांच्या विडीचा वाटा मिळतो.

‘आता साठी उलटली, सोडून काय उपयोग?’

हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. उपयोग निश्चित आहे. शेवटच्या झुरक्यानंतर काही तासांतच रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरू लागतो. काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते, काही महिन्यांत खोकला व धाप कमी होते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्मा होतो. ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून ५० वर्षे मागोवा घेणाऱ्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासात असे दिसले की, सिगारेट साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे आयुष्य सुमारे ३ वर्षांनी, पन्नाशीत सोडणाऱ्यांचे ६ वर्षांनी आणि चाळिशीत सोडणाऱ्यांचे ९ वर्षांनी वाढते.

सोडावयाची कशी?

विडी न सुटणे म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूला त्याची चटक लागते. ते बंद होताच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, बद्धकोष्ठता असे त्रास होतात. पहिले तीन-चार दिवस ते तीव्र असतात. दोन ते चार आठवड्यांत बहुधा ओसरतात.

म्हणून आधी दिवस ठरवावा आणि तो घरच्यांना सांगावा. त्या दिवशी बंडल व काडेपेटी घरातून बाहेर काढावी. तलफ कोणत्या वेळी येते हे ओळखून ठेवावे : सकाळच्या चहाबरोबर, पारावरच्या गप्पांत, की हिवाळ्यातील भरिताच्या पंगतीनंतर. त्या वेळी जागा बदलावी, बडीशेप तोंडात टाकावी, घोट घोट पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, चार पावले चालावे. तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ टळला की ती ओसरते.

एवढ्याने भागत नसेल तर निकोटीनयुक्त च्युइंगगम उपयोगी पडते. ते सतत चघळू नये. थोडे चावून गालात धरावे आणि त्या वेळी चहा-कॉफी टाळावी. काहींना गोळ्याही द्याव्या लागतात. हृदयविकार, गर्भावस्था किंवा अन्य औषधे चालू असल्यास वैद्यकीय सल्ल्याखेरीज काहीही घेऊ नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. विडी सोडून गुटखा, चुना-तंबाखू किंवा मिश्री जवळ केल्यास व्यसन तेच राहते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखूच्या आहारी गेलेले होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवार दूर झालेली नाही.

घरच्यांस व हितचिंतकांस विनंती

सोडल्यानंतर एखादी विडी पुन्हा ओढली गेली तर टोमणे मारू नयेत. अनेकांना दोन-चार प्रयत्नांनंतर यश येते; पुढचा प्रयत्न त्याच दिवशी सुरू व्हावा. लहान मुलास दुकानातून बंडल आणावयास कधीही पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूजन्य पदार्थ विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कित्येकांची पहिली ओळख याच फेरीतून होते.

सन्माननीय देणगीदारांच्या औदार्यातून येणारे प्राणवायूचे यंत्र थकलेल्या फुप्फुसांना आधार देते, परंतु झिजलेली फुप्फुसे ते पुन्हा घडवू शकत नाही. ते नुकसान होण्यापूर्वीच थांबविणे आपणा सर्वांच्या हाती आहे. बहिणाबाईंचे माहेर असलेल्या या असोद्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एका माणसाची विडी सोडविण्याचा संकल्प केला, तर त्याहून मोठी देणगी या रुग्णालयास मिळू शकणार नाही.