फाइलीत सापडलेलं पॅकेट

सकाळी ७:४०

एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे, दुसरा ओट्यावरच्या लॅपटॉपकडे. बाणेरच्या ऑफिसात रात्रभर एक बोर्ड चालू ठेवून आले होते. नेटवर्क कार्डावर पॅकेटांचा मारा, आणि दर वीस सेकंदांनी इंटरफेस बंद करून पुन्हा चालू करणारी स्क्रिप्ट. सिरीयल कन्सोलचा लॉग वर सरकवला. ३:१२ ला एक ओळ: इव्हेंट ०x१०. ४:४५ ला पुन्हा तीच. तेवढ्यात दूध उतू गेलं. आईनं न बोलता फडकं पुढे केलं. तिचं न बोलणं मला चांगलं ऐकू येतं.

९:१५

चांदणी चौक. गाडी बंद करून उभी.

९:५०

हे ०x१० म्हणजे ट्रान्सलेशन फॉल्ट. नेटवर्क कार्ड, डिस्क, ग्राफिक्स ही सगळी मंडळी सीपीयूला न विचारता थेट मेमरीत लिहितात. त्यालाच डीएमए म्हणायचं. पूर्वी त्यांच्यावर नजर ठेवायला कोणी नव्हतं. आता मधे आयओएमएमयू बसतं. आमच्या आर्म चिपवर त्याला एसएमएमयू म्हणतात. ड्रायव्हर बफर 'मॅप' करतो, तेव्हा कार्डाला खरा पत्ता मिळतच नाही, एक टोपणपत्ता मिळतो. एसएमएमयू आपल्या तक्त्यात बघून तो खऱ्या पानाशी जुळवतं. तक्त्यात नोंद नसेल, तर लिहू देत नाही आणि लॉगमध्ये तक्रार टाकतं.

म्हणजे पहाटे ३:१२ ला कार्डानं अशा पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला, जो त्याचा राहिलाच नव्हता. मॅप-अनमॅपचा ट्रेस चालूच होता. पत्ता जुळवून पाहिला: तो बफर त्याच्या ४१ मायक्रोसेकंद आधी अनमॅप झालेला.

१०:३०

मीटिंग. ग्राहकाकडे डिस्कवरच्या फाइली अधूनमधून खराब होतात. आजवर तीनदा झालंय. "तुझी ती एरर पासथ्रू लावलं की जाईल ना?" मॅनेजरांनी विचारलं. शुक्रवारी रिलीज आहे, त्यांचंही चुकत नाही.

"एरर जाईल, कारण पासथ्रूत एसएमएमयू मधून बाजूलाच होतं. कार्ड लिहायचं तिथं लिहीतच राहील, फक्त आपल्याला कळणार नाही."

"मग ग्राहकाकडे एकही एरर का दिसत नाही?"

प्रश्न बरोबर होता. दुपारपर्यंत वेळ मागून घेतला.

११:१०

ग्राहकानं पाठवलेली खराब फाइल हेक्समध्ये उघडली. एरवी साधी मजकुराची फाइल, तारखा आणि तापमानाचे आकडे. मधेच एका ४०९६ बाइटच्या पानाच्या सुरुवातीला सहा वेळा एफएफ. पुढे सहा बाइट कुठल्याशा मशीनचा मॅक पत्ता, मग ०८ ०६. ते दोन बाइट पाहून मी खुर्चीत सरळ झाले. ०८ ०६ म्हणजे एआरपी. नेटवर्कवर कोणीतरी सगळ्यांना हाक मारून 'हा आयपी कोणाचा?' असं विचारत होतं, आणि तो प्रश्न तापमानाच्या नोंदींत जाऊन बसला होता. त्याच्या शेपटाला, लहान पॅकेट ६० बाइटपर्यंत भरून काढतात तशी, शून्यांची रांग. त्यानंतर पुन्हा निमूटपणे तापमान.

फाइलसिस्टिमवर तीन आठवडे संशय घेतला जातोय. बिचारीनं काही केलेलं नाही.

दुपारी १:१५

डबा. भेंडी. नुकताच लागलेला मुलगा शेजारी येऊन बसला. "ताई, पण तिकडे एसएमएमयू चालू आहे ना? मग पॅकेट आत गेलं कसं?"

त्याला सोसायटीचा वॉचमन सांगितला. भाडेकरूनं घर सोडलं, चावी दिली, ऑफिसच्या रजिस्टरमधून नावही खोडलं. पण वॉचमन दर वेळी रजिस्टर कुठे उघडतो? त्याला चेहरे पाठ. एसएमएमयूचं तेच आहे. हल्लीचे पत्ते ते टीएलबी नावाच्या कॅशेत पाठ ठेवतं. स्ट्रिक्ट पद्धतीत अनमॅप झालं की तिथल्या तिथे ही आठवण पुसतात. लेझी पद्धतीत अशा नोंदी साठवून, रांग भरली किंवा १० मिलिसेकंद झाले की एकदम पुसतात. पुसणं खर्चिक असतं, म्हणून ही सवलत. आर्मवर कर्नल आपणहून स्ट्रिक्ट असतं. ग्राहकाच्या बूट ओळीत मात्र कोणीतरी वेगासाठी 'आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=०' टाकून ठेवलंय. आपल्या बोर्डावर रात्री मी ते १ केलं होतं.

"म्हणजे जुना भाडेकरू गेटमधून आत, आणि घरात आता दुसरेच!"

"आणि कुठे तक्रार नाही."

भेंडी गार झाली.

२:००

ड्रायव्हर बंद होतानाचं फंक्शन. वरवर क्रम बरोबर दिसतो: आधी कार्डाला थांबवा, मग बफर अनमॅप करून परत द्या. चार वेळा वाचलं तरी काही खटकेना. पाचव्यांदा खटकलं. थांबवण्यासाठी ड्रायव्हर कार्डाच्या रजिस्टरमध्ये एक बिट लिहितो आणि लगेच पुढे जातो. पीसीआय एक्सप्रेसवर असं लिहिणं म्हणजे पत्र पेटीत टाकणं. सीपीयू पोच घ्यायला थांबत नाही. पत्र वाटेत असतानाच आपण बफर काढून घेतो. शिवाय पत्र पोचलं तरी कार्ड हातातलं पॅकेट संपवूनच थांबतं.

पॅच नऊ ओळींचा. बिट लिहा, तेच रजिस्टर परत वाचा, म्हणजे आधीचं लिहिलेलं पोचल्याशिवाय उत्तरच येत नाही. मग 'निवांत' हा बिट लागेपर्यंत वाट पाहा, वाट पाहण्यालाही मर्यादा घाला, आणि त्यानंतरच अनमॅप. कमिटचा मजकूर लिहायला मात्र पाऊण तास गेला. तो नेहमीच जातो, आणि जावाच.

४:३०

पुन्हा मॅनेजर. पॅच पटला. आता स्ट्रिक्टचा प्रश्न. त्यांना वेग हवा, मला पुरावा. तडजोड अशी: कर्नल उपकरणांचे गट पाडतं आणि सिसएफएसमध्ये प्रत्येक गटाची 'टाइप' फाइल असते. बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या नेटवर्क कार्डाच्या गटाला स्ट्रिक्ट, बाकीचे राहू देत लेझी. लेझीवरून स्ट्रिक्ट करताना ड्रायव्हर आधी सोडवावा लागतो, म्हणून ते बूटच्या वेळीच उरकायचं.

स्ट्रिक्ट म्हणजे अभेद्य, असं मी म्हटलं नाही. राखण पानाच्या मापानं चालते. दोनशे बाइटचा बफर मॅप केला तरी कार्डाला ४०९६ बाइटचं आख्खं पान उघडं होतं, शेजारच्या डेटासकट. २०१९ साली केंब्रिज आणि राइस विद्यापीठांच्या संशोधकांनी 'थंडरक्लॅप'मध्ये बनावट उपकरण जोडून अशाच फटींतून आत शिरून दाखवलं होतं. पण आपलं कार्ड लबाड नाही, फक्त उशिरा ऐकणारं आहे.

६:५०

नवा कर्नल बोर्डावर चढवला. या वेळी वीस नाही, दर पाच सेकंदांनी इंटरफेस खालीवर. पॅकेटांचा मारा दुप्पट. कन्सोलवर आकडा चढतोय: २१४, २१५. इव्हेंट अजून एकही नाही, पण काल रात्रीही पहिला यायला कित्येक तास लागले होते. स्क्रिप्ट तशीच सोडून निघाले. सकाळी लॉग बघायचाय, लॅपटॉप ओट्यावर न ठेवता.