टीव्हीचा व्हॉल्व्ह आणि माझी गिटार

माझे आजोळ हुणसूरला, म्हैसूर-मडिकेरी रस्त्यावर. मामा पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करीत. उन्हाळी सुट्टीत त्यांच्या माळ्यावर मला जुन्या व्हॉल्व्हची पेटी सापडली. गिटारच्या अँप्लिफायरमध्ये सहसा ईएल८४ किंवा ६एल६ हे व्हॉल्व्ह असतात. पेटीत ते नव्हते. होते टीव्हीतले पीसीएल८२.

मामा म्हणाले, "लष्करी ट्रान्समीटरमधला ८०७ व्हॉल्व्ह दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरला लावला. मग हा गिटारला का चालणार नाही?"

पीसीएल८२च्या एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असतात. ट्रायोड गिटारचा क्षीण सिग्नल वाढवतो आणि पेंटोड आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर चालवतो. सुमारे ३ वॅट मिळतात. खोलीतल्या सरावाला तेवढे पुष्कळ.

मामांच्या देखरेखीखाली मी जोडणी केली, बटण दाबले, पण आवाजच नाही! प्लग काढून मी आत हात घालणार, तोच मामांनी मनगट धरले. "आधी मीटर लाव." काटा २०० व्होल्टच्या पुढे गेला. मला घामच फुटला.

चूक व्हॉल्व्हच्या नावातच लिहिलेली होती. पहिले अक्षर हीटरविषयी सांगते. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'पी' म्हणजे ३०० मिलिअँपिअर करंट. टीव्हीत सगळे हीटर माळेसारखे एकापुढे एक जोडत, म्हणून करंट सर्वांना सारखा आणि व्होल्टेज वेगवेगळे. पीसीएल८२ला १६ व्होल्ट लागतात, मी ६.३च दिले होते. त्यामुळे व्हॉल्व्ह पुरेसा तापला नाही. न तापलेला व्हॉल्व्ह जवळजवळ करंट ओढत नाही, म्हणून प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेलेच राहिले.

मामांनी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केले, मीटरवर शून्य दाखवले आणि मगच मला हात लावू दिला. हीटरसाठी १६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडला. अर्ध्या मिनिटात काचेत नारिंगी उजेड दिसला आणि गिटार बोलू लागली. तार जोरात छेडली की आवाज किंचित फाटतो. गिटारवादकांना नेमका तोच हवा असतो.

मित्रांनो, हा प्रयोग जाणकाराशिवाय कोणीही करू नये. रायफल साफ करण्यापूर्वी चेंबर रिकामे आहे ना, हे आपण स्वतः पाहतो. "रिकामेच असेल" असे म्हणून चालत नाही. कपॅसिटरलाही तोच नियम लागू आहे.